खुर्च्या आणि लंगर : स्टॉकटनच्या गुरुद्वाऱ्याचा प्रकरण अभ्यास

कॅलिफोर्नियातील स्टॉकटन शहराच्या दक्षिण भागात, साउथ ग्रँट स्ट्रीटवर, 1929 साली बांधलेला विटांचा गुरुद्वारा आहे. अमृतसर किंवा नांदेड पाहिलेल्या माणसाला तो फार साधा वाटेल. त्याच आवारात 1915 सालची जुनी लाकडी इमारत आहे, आणि तिच्याही आधी, ऑक्टोबर 1912 मध्ये, याच जागेवरच्या एका लाकडी घरात अमेरिकेतील पहिला गुरुद्वारा सुरू झाला होता. तेव्हापासून 1948 पर्यंत, म्हणजे 36 वर्षे, त्या अवाढव्य देशात दुसरा गुरुद्वारा नव्हता.

या 36 वर्षांत या गुरुद्वाऱ्याची संगत, म्हणजे तिथे जमणारा भाविकांचा समुदाय, कोणत्या स्थितीत होती, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्न उभा राहतो. या लोकांना बराच काळ जमीन घेता येत नव्हती, नागरिकत्व मिळत नव्हते, बायकामुलांना पंजाबातून आणता येत नव्हते आणि गावी जाऊन आल्यास पुन्हा देशात प्रवेश मिळेल याची खात्री नव्हती. त्यांची संख्या देशभरात काही हजारांच्या पुढे कधी गेली नाही आणि ती वाढण्याऐवजी घटत गेली. 1940 च्या जनगणनेत साऱ्या अमेरिकेत अवघे 2,405 भारतीय नोंदले गेले. अशा समाजाची संस्था एका पिढीत विरून जायला हवी होती. ती टिकली कशी, हा या अभ्यासाचा विषय आहे. श्रद्धेमुळे टिकली, हे नेहमीचे उत्तर खोटे नाही. पण श्रद्धा बाळगणारे अनेक समाज परदेशात विखुरले आणि विसरले गेले. या संस्थेने काळाच्या दाबाखाली काय सोडले आणि काय सोडायला नकार दिला, हे पाहिले तर उत्तर अधिक नेमके सापडते असे मला वाटते.

माणसे आणि माती

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरलेले पंजाबी बहुतेक शेतकरी कुटुंबांतले तरुण होते. घरची जमीन भावाभावांत वाटली जाऊन तुटपुंजी उरलेली, डोक्यावर सावकाराचे कर्ज, आणि घरातला एखादा मुलगा बाहेर कमावता असल्याखेरीज ते फिटण्याची आशा नाही, अशी स्थिती होती. त्यांतले अनेक जण आधी ब्रिटिश फौजेत किंवा शांघाय-हाँगकाँगच्या पोलिसांत नोकरी करून आले होते. म्हणजे समुद्र ओलांडण्याची त्यांना सवय होती आणि साम्राज्याची सेवा केल्याबद्दल साम्राज्यात कोठेही थोडीफार कदर होईल, असा त्यांचा भाबडा विश्वासही होता.

तो विश्वास लवकरच तुटला. 4 सप्टेंबर 1907 रोजी वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम गावात गोऱ्या कामगारांच्या जमावाने लाकूड गिरण्यांतल्या भारतीय मजुरांना त्यांच्या राहत्या जागांतून ओढून बाहेर काढले आणि गावातून हाकलले. पुढच्याच वर्षी कॅनडाने नियम केला, की जो प्रवासी आपल्या मायदेशातून थेट, एकाच अखंड प्रवासाने आलेला नाही त्याला उतरू द्यायचे नाही. भारतातून कॅनडाला असा थेट प्रवास जवळपास अशक्यच असल्यामुळे त्या नियमाचा रोख कोणावर होता, हे उघड होते. उत्तरेकडची दारे अशी बंद होत गेली तसे हे लोक दक्षिणेकडे, कॅलिफोर्नियात सरकत गेले, आधी रेल्वेच्या कामांवर आणि मग शेतांत.

स्टॉकटन हे या शेतांचे केंद्र होते. सॅक्रामेंटो आणि सॅन वॉकिन या दोन नद्यांच्या संगमाजवळ पसरलेला त्रिभुज प्रदेश बांध घालून पाण्यातून बाहेर काढलेला आहे. तिथली जमीन कुजलेल्या पाणवनस्पतींची, काळी, भुसभुशीत आणि कमालीची सुपीक आहे. बटाटा, कांदा, घेवडा आणि शतावरीच्या कुळातला अ‍ॅस्परॅगस ही तिथली मुख्य पिके. अ‍ॅस्परॅगसचे कोवळे कोंब जमिनीलगत कापावे लागतात, त्यामुळे मजुराला दिवसभर कमरेत वाकून चालावे लागते, आणि त्या मातीची बारीक धूळ अंगभर बसते. पंजाबी मजूर टोळी करून काम घेत. टोळीत ज्याला थोडे इंग्रजी येई तो मालकाशी बोलणी करी, मजुरी ठरवी आणि हिशेब ठेवी. एक जण सर्वांचा स्वयंपाक करी. रात्री निजायला धान्याचे कोठार किंवा मजुरांसाठी बांधलेली खोपी असे. हंगाम संपला की ते छप्परही जाई, आणि मग माणसाला पडायला जागा उरत नसे. गुरुद्वाऱ्याची गरज प्रथम तिथे निर्माण झाली, हे विसरून चालणार नाही.

स्थानिक गोरे लोक या साऱ्यांना सरसकट ‘हिंदू’ म्हणत. त्यांत बहुसंख्य शीख होते, काही मुसलमान होते, खरे हिंदू थोडेच होते. बाहेरच्यांच्या अज्ञानातून आलेला हा एकच शब्द पुढे त्यांच्या एकजुटीला उपयोगी पडला. कारण अपमान सगळ्यांचा सारखाच होत होता.

नोंदणी

भाई ज्वाला सिंग आणि भाई वसाखा सिंग हे दोघे अमृतसर जिल्ह्यातले. स्टॉकटनजवळ सुमारे 500 एकरांचे शेत भाड्याने घेऊन त्यांनी बटाट्याची लागवड केली आणि त्यात चांगला पैसा मिळवला. मजुरीने सुरुवात करून इतक्या मोठ्या शेतापर्यंत पोहोचलेली माणसे त्या काळी मोजकीच होती. त्या पैशाचे त्यांनी काय केले, हे या प्रकरणातले पहिले निर्णायक वळण आहे.

27 मे 1912 रोजी त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह ‘पॅसिफिक कोस्ट खालसा दिवाण सोसायटी’ या नावाने कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे संस्था नोंदवली. त्याच वर्षी ग्रँट स्ट्रीटवरील जागा विकत घेतली गेली आणि ऑक्टोबरात तिथल्या घरात गुरू ग्रंथसाहेबांची स्थापना झाली. हा क्रम मला अर्थपूर्ण वाटतो. आधी कायद्यापुढे उभे राहू शकेल अशी संस्था, मग तिच्या नावावर जमीन, आणि मग पूजास्थान. एखाद्या श्रीमंत शेतकऱ्याने आपल्या नावावर जागा घेऊन तिथे निशाणसाहेब, म्हणजे शिखांचा ध्वज, उभा केला असता तरी भाविक आलेच असते. पण तो मालक परत गेला, तुरुंगात पडला किंवा परका ठरला, तर जागा त्याच्याबरोबर गेली असती. पुढच्या तीन वर्षांत यांपैकी बरेच काही प्रत्यक्ष घडले, आणि जागा मात्र सोसायटीच्या नावावर होती तशीच राहिली.

त्याच 1912 साली ज्वाला सिंग यांनी आणखी एक गोष्ट केली. भारतातून होतकरू विद्यार्थ्यांना बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकायला आणण्यासाठी त्यांनी गुरू गोविंदसिंग यांच्या नावाने शिष्यवृत्त्या सुरू केल्या. निवडीला जातीची किंवा धर्माची अट नव्हती. ज्या गुरूंनी आपला अखेरचा काळ आपल्या नांदेडला गोदाकाठी काढला, त्यांच्या नावाने सातासमुद्रापलीकडे बटाट्याच्या उत्पन्नातून परप्रांतीय, परधर्मीय मुलांना शिकवले जावे, ही गोष्ट मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे. या शिष्यवृत्तीवर आलेले गोबिंद बिहारी लाल पुढे विज्ञानविषयक पत्रकारितेसाठी पुलित्झर पारितोषिकाचे मानकरी ठरले. विद्यार्थ्यांसाठी सोसायटीने बर्कलेत एक वसतिगृहही चालवले. स्वतः अक्षरओळखीपुरते शिकलेल्या शेतकऱ्यांनी विद्यापीठाच्या दाराशी घर घेऊन ठेवले होते, ते पुढे कोणाच्या उपयोगी पडले हे लवकरच दिसेल.

नोव्हेंबर 1915

1913 साली पश्चिम किनाऱ्यावरील भारतीयांनी जी क्रांतिकारक संघटना उभी केली ती ‘गदर’ या नावाने ओळखली जाते. गदर म्हणजे बंड. सोहन सिंग भकना तिचे अध्यक्ष, लाला हरदयाळ सरचिटणीस आणि ज्वाला सिंग उपाध्यक्षांपैकी एक होते. 1 नोव्हेंबर 1913 रोजी सॅन फ्रान्सिस्कोतून त्याच नावाचे पत्र उर्दूतून निघाले आणि थोड्याच दिवसांत गुरुमुखीतूनही निघू लागले. पत्राच्या छपाईला, प्रचारकांच्या प्रवासाला आणि माणसांच्या जमवाजमवीला जे बळ लागले त्याचा मोठा वाटा स्टॉकटनच्या परिसरातील शेतकरी-मजुरांनी उचलला. गुरुद्वाऱ्यात दिवाण, म्हणजे संगतीची सभा, भरे, कीर्तन होई, लंगर म्हणजे सर्वांसाठी मोफत पंगत होई आणि त्यानंतर देशाच्या स्थितीवर भाषणे होत. आठवडाभर विखुरलेल्या शेतांवर राबणाऱ्या माणसांना एकत्र गाठण्याचे दुसरे ठिकाणच नव्हते.

या चळवळीत मराठी माणसे होती, ती पाहुण्यासारखी नव्हती. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे शेतीशास्त्र शिकण्यासाठी अमेरिकेत आले होते आणि गदरच्या आधीपासून ते पंजाबी मजुरांत मिसळून काम करत होते. पुढे मेक्सिकोत चापिंगो येथील कृषिविद्यालयात त्यांनी शेतीशास्त्रज्ञ म्हणून नाव मिळवले. तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे सिएटलला अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी आले आणि गदरमध्ये सामील झाले.

1914 च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटताच गदरच्या लोकांनी ही संधी मानून मायदेशी जाण्याचा निर्णय घेतला. ज्वाला सिंग महिनाअखेरीस सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेल्या जहाजावर होते. कलकत्त्याला उतरताच त्यांना पकडण्यात आले. वसाखा सिंगही परतले आणि पकडले गेले. दोघांनाही जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. अंदमानच्या ज्या तुरुंगात तेव्हा सावरकर बंधू होते, तिथेच स्टॉकटनचे हे बटाटा-शेतकरी पोहोचले. पिंगळे मार्च 1915 मध्ये मेरठच्या लष्करी छावणीत बॉम्बसह सापडले. लाहोर कटाच्या खटल्यात 24 जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली, त्यांतल्या 17 जणांची शिक्षा व्हाइसरॉयने जन्मठेपेत बदलली, आणि उरलेल्या सात जणांना 16 नोव्हेंबर 1915 रोजी लाहोरच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. त्या सातांत 19 वर्षांचा करतार सिंग सराभा होता, ज्याने सॅन फ्रान्सिस्कोत गदरचा छापखाना चालवला होता, आणि 27 वर्षांचे पिंगळे होते.

पाच दिवसांनी, 21 नोव्हेंबर 1915 रोजी, स्टॉकटनमध्ये नव्या लाकडी गुरुद्वाऱ्याचे उद्घाटन झाले. त्या दिवशी कार्तिकी पौर्णिमा होती, म्हणजे गुरू नानकांची जयंती.

मी या दोन तारखा एकमेकींशेजारी प्रथम लिहून काढल्या तेव्हा बराच वेळ पुढे काही लिहू शकलो नाही. संस्थेचे दोन्ही संस्थापक त्या वेळी कैदेत होते. ज्यांनी या आवारात भाषणे ऐकली त्यांतले कितीतरी जण परत गेले होते, कोणी नजरकैदेत, कोणी तुरुंगात, कोणी वधस्तंभावर. मागे राहिलेल्यांनी त्याच वर्षी मोठी, दुमजली इमारत बांधून पूर्ण केली. यात भावनेचा भाग असेल, पण रचनेचा भागही आहे. संस्था दोन माणसांच्या मोठेपणावर उभी असती तर 1915 साली ती बंद पडली असती. ती नोंदणी, समिती आणि संगतीच्या वर्गणीवर उभी होती, म्हणून संस्थापकांशिवाय तिला बांधकामही करता आले. प्रकरणाचा मुख्य धागा मला इथे दिसतो.

ज्या ग्रंथापुढे त्या दिवशी संगत बसली असेल त्यात आपल्या नामदेवांची 61 पदे आहेत. पंढरीच्या शिंप्याचा शब्द तिथे मराठी माणसाच्या आधी पोहोचलेला होता.

कायद्याने आवळलेले आयुष्य

यानंतरची तीस वर्षे कमी नाट्यमय आहेत, पण संस्थेची खरी कसोटी याच काळात लागली. कॅलिफोर्नियाच्या 1913 च्या परकीय जमीनधारणा कायद्याने, नागरिकत्वास अपात्र असलेल्या परकीयांना शेतजमीन विकत घेण्यास मनाई केली आणि भाडेपट्ट्याची मुदत तीन वर्षांवर आणली. 1920 मध्ये भाडेपट्टाही बंद केला. 1917 च्या संघराज्याच्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टा, भारतासह, प्रवेशबंदीत टाकला. तोपर्यंत भारतीय माणूस नागरिकत्वास पात्र आहे की नाही याबद्दल न्यायालयांत एकमत नव्हते आणि काहींना नागरिकत्व मिळालेही होते.

हा प्रश्न भगत सिंग थिंड यांच्या खटल्यात निकाली निघाला. थिंड पगडीधारी शीख होते, महायुद्धात अमेरिकन सैन्यात भरती झाले होते. त्यांचा युक्तिवाद असा होता की वंशशास्त्राप्रमाणे उत्तर भारतीय हे कॉकेशियन गणले जातात, आणि म्हणून कायद्यातील ‘गोरा माणूस’ या व्याख्येत ते बसतात. त्यासाठी उच्च जातीच्या शुद्धतेचा आधारही घेतला गेला. हा युक्तिवाद आज वाचताना टोचतो. ज्या पंथाने पंगतीत जात मोडली त्या पंथाच्या माणसाला परदेशी न्यायालयात जातीचा आधार घ्यावा लागला, ही त्या कायद्याने केलेली आणखी एक हानी होती. 19 फेब्रुवारी 1923 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे हिंदू हा गोरा नाही. त्यानंतर मिळालेली नागरिकत्वे काढून घेण्याचे खटले सुरू झाले आणि जमिनीचे कायदे भारतीयांवर पूर्ण जोराने लागू झाले.

लोकांनी वाटा काढल्या. ओळखीच्या गोऱ्या वकिलाच्या, बँकवाल्याच्या किंवा शेजारी शेतकऱ्याच्या नावावर जमीन घ्यायची आणि तोंडी विश्वासावर कसायची. काही ठिकाणी विश्वास पाळला गेला, काही ठिकाणी सगळे गेले. अनेकांनी, विशेषतः दक्षिणेकडील इंपीरियल खोऱ्यात, मेक्सिकन वंशाच्या स्त्रियांशी लग्ने केली, कारण वेगवेगळ्या वर्णांच्या माणसांतील विवाहावर बंदी होती आणि गोऱ्या स्त्रीशी लग्नाचा परवाना मिळणे कठीण होते. या घरांत आई कॅथलिक, मुले चर्चमध्ये जाणारी आणि स्पॅनिश बोलणारी, आणि बाप हंगाम संपल्यावर जवळपास 900 किलोमीटरवरच्या स्टॉकटनला जाऊन मत्था टेकून येणारा, अशी व्यवस्था होती. गुरुद्वाऱ्याच्या इतिहासात या स्त्रियांचा उल्लेख फार थोडा येतो. पोळी लाटायला शिकलेल्या, पंजाबी सासर कधीही न पाहिलेल्या या बायकांनी त्या समाजाला घर दिले, आणि संस्थेच्या स्मृतीत त्यांना जेवढी जागा मिळायला हवी होती तेवढी मिळाली नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

आता खुर्च्यांबद्दल. या मधल्या काळात कधीतरी स्टॉकटनच्या दिवाणखान्यात खुर्च्या आल्या. गुरू ग्रंथसाहेबांसमोर संगतीने जमिनीवर बसावे, सर्वांनी एका पातळीवर आणि ग्रंथ उंचावर, हा शीख परंपरेचा सर्वमान्य नियम आहे. इथे मात्र लोक चर्चप्रमाणे रांगेने खुर्च्यांवर बसू लागले. येणाऱ्यांपैकी अनेकांनी केस कापलेले होते, पगडी सोडलेली होती. काम मिळावे, रस्त्यावर मार खावा लागू नये, घरमालकाने खोली द्यावी यासाठी त्यांनी तो निर्णय जड मनाने घेतला होता. पंजाबातून नंतर आलेल्यांना हे सगळे पाहून धक्का बसे.

या गोष्टीकडे केवळ ऱ्हास म्हणून पाहणारे मत मला पटत नाही. केस कापलेल्या माणसाला दारातून परत पाठवणारा गुरुद्वारा त्या काळी रिकामा पडला असता, आणि परत पाठवलेला माणूस पुन्हा कधीच आला नसता. समितीने रूपाच्या बाबतीत ढील दिली. पण लंगरच्या बाबतीत दिली नाही. कोणीही यावे, शीख असो, मुसलमान असो, हिंदू असो वा गोरा, पंगतीत बसावे आणि जेवावे. काम नसेल तर काही दिवस इथेच राहावे. कोणी मेले आणि मागे कोणी नसेल तर अंत्यसंस्काराची व्यवस्था संगतीने करावी, ही चाल चालूच राहिली. खोलीतली खुर्ची काढता येते. एकदा मोडलेली पंगत पुन्हा मांडणे फार अवघड असते, आणि ते तिथल्या साध्या, बहुतांश अल्पशिक्षित कारभाऱ्यांना उमगले होते असे मला त्यांच्या कृतीवरून दिसते. त्यांच्यात भांडणे होती, गटबाजी होती, गदरमधील फुटीचे पडसाद उमटत होते. तरी 1929 मध्ये त्यांनी विटांची नवी इमारत उभी केली. जुन्या इमारतीत पुढे ग्रंथालय झाले.

वसतिगृहातला विद्यार्थी

1920 साली दलीप सिंग सौंद नावाचा अमृतसर जिल्ह्यातला तरुण बर्कलेला शिकायला आला आणि सोसायटीच्या वसतिगृहात राहिला. 1924 मध्ये त्याने गणितात डॉक्टरेट मिळवली. भारतीय माणसाला त्या पदवीच्या तोलाची नोकरी देणारे कोणी नव्हते, तेव्हा तो इंपीरियल खोऱ्यात शेतावर गेला आणि वर्षानुवर्षे शेतीच करत राहिला.

1927 मध्ये कॅथरीन मेयो या अमेरिकन लेखिकेचे ‘मदर इंडिया’ हे भारतीय समाजाची निंदा करणारे पुस्तक निघाले आणि अमेरिकेत खूप वाचले गेले. आधीच ‘असंस्कृत’ ठरवल्या गेलेल्या समाजाला त्याचे चटके रोजच्या व्यवहारात बसत होते. स्टॉकटनच्या सोसायटीने सौंद यांना उत्तर लिहायला सांगितले आणि 1930 मध्ये ‘माय मदर इंडिया’ हे पुस्तक स्वतः प्रकाशित केले. शेतमजुरांच्या वर्गणीवर चालणाऱ्या गुरुद्वाऱ्याने इंग्रजीत ग्रंथ छापून वादात उतरावे, हे त्या काळी किती असाधारण होते! हत्यारी बंडाचा मार्ग 1915 मध्ये रक्तात बुडाल्यानंतर त्याच संस्थेने पंधरा वर्षांनी लेखणीचा मार्ग धरला, आणि दोन्ही वेळा पैसा शेतातूनच आला.

सौंद यांना नागरिकत्व 1949 मध्ये मिळाले. 1956 मध्ये ते अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले. तिथे पोहोचलेले ते पहिले आशियाई वंशाचे सदस्य होते, आणि ते तीन वेळा निवडून आले. ज्वाला सिंग यांनी हे पाहिले नाही. 1933 मध्ये सुटल्यानंतर ते पंजाबातल्या शेतकरी चळवळीत उतरले आणि 1938 मध्ये बसच्या अपघातात गेले.

1942 ते 1948

पर्ल हार्बरवरील जपानी हल्ल्यानंतर, 1942 मध्ये, पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे सोडायला लावून छावण्यांत डांबले गेले. स्टॉकटनच्याच जत्रेच्या मैदानावर त्यांना आधी गोळा करून ठेवण्याची छावणी उघडली गेली. त्रिभुज प्रदेशातल्या बटाट्याच्या शेतांत पंजाबी आणि जपानी शेजारी-शेजारी राबले होते, एकाच जमीन कायद्याने दोघांनाही अडवले होते. शेजारी नाहीसा झाला की त्याची जमीन, त्याचे काम आणि त्याची जागा कोणाला तरी मिळते. काही पंजाबी शेतकऱ्यांची स्थिती युद्धकाळात सुधारली, आणि त्यामागच्या कारणांत हेही एक होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळावा यासाठी वॉशिंग्टनमध्ये जी खटपट चालू होती तिच्या पुढाकारात न्यूयॉर्कच्या इंडिया लीगचे जे. जे. सिंग होते. 2 जुलै 1946 रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी ल्यूस-सेलर कायद्यावर सही केली. भारतीयांना नागरिकत्व घेता येऊ लागले, आणि वर्षाला 100 भारतीयांना प्रवेशाची सोय झाली. आकडा लहान होता, जवळजवळ अपमानकारक होता, पण वर्षानुवर्षे स्वतःच्या नावावर सातबाराच काय, साधा भाडेपट्टाही न मिळालेल्या माणसाला तो पुरेसा होता. वयस्कर झालेले कितीतरी जण नागरिक झाले, त्यांनी जमिनी आपल्या नावावर करून घेतल्या, काही जण तीस-तीस वर्षांनी गावी जाऊन आले, आणि काहींनी पुतण्यांना, भाच्यांना बोलावून घेतले.

नवे लोक आले तसा स्टॉकटनचा दिवाणखानाही बदलला. खुर्च्या काढल्या गेल्या आणि संगत पुन्हा जमिनीवर बसू लागली. यावर मतभेद झाले नसतील असे नाही. अर्धे आयुष्य खुर्चीवर बसून ज्यांनी वाहेगुरूंचे नाव घेतले त्या म्हाताऱ्यांना, आपण इतकी वर्षे जे केले ते चूक होते असे कोणी सुचवले असेल तर ते लागले असणारच. त्यांनी मोडू न दिलेल्या पंगतीत नवी माणसे बसली होती, हे मात्र खरे.

1948 मध्ये इंपीरियल खोऱ्यातील एल सेंट्रो येथे अमेरिकेतील दुसरा गुरुद्वारा सुरू झाला. त्यासाठी तिथल्या शिखांनी नवी इमारत बांधली नाही. त्यांनी एक तयार वास्तू विकत घेतली. ती पूर्वी जपानी लोकांचे बौद्ध मंदिर होती.